बढती डावलली, पुढे काय? मद्रासचे हरलेले खटले

आजचा विषय बढतीचा. सरकारी नोकरीतला माणूस बदली झाली की कुरकुरतो, रजा नाकारली की चिडतो, आणि आठवडाभरात विसरतो. पण आपल्याला डावलून धाकट्याला वर नेलं, तर ते विसरता येत नाही. ज्याला फाइल कशी लावायची हे आपण शिकवलं, त्याच्याच समोर उद्यापासून फाइल घेऊन उभं राहायचं. पगारातला फरक कदाचित दोन-तीन हजारांचाच असतो. घरी मात्र सांगताना जीभ अडखळते.

मी चेन्नईत सेवाविषयक खटले चालवतो, म्हणून आजची उदाहरणं इथलीच घेतो. तसं करायला एक चांगलं कारणही आहे. बढती नाकारलेल्या कर्मचाऱ्याचे हक्क कोणते आणि मर्यादा कोणत्या, यातला बराचसा कायदा या शहरातून दिल्लीला गेलेल्या खटल्यांनी घडवला. त्यातले तीन मी निवडले आहेत. तिन्हींमध्ये सर्वोच्च न्यायालयात कर्मचारी हरला, तरी पुढे जे जिंकले ते या तिघांच्याच निकालांवर उभे राहून किंवा त्यातून धडा घेऊन.

पहिला खटला पी. एस. सदाशिवस्वामी विरुद्ध तमिळनाडू राज्य, निकाल १९७४ चा. हा सगळ्यांत छोटा निकाल आहे, दोन-तीन पानांचा, पण माझ्या रोजच्या कामात तोच सगळ्यांत जास्त वेळा समोर येतो. हे गृहस्थ सरकारी सेवेत इंजिनिअर होते. असिस्टंट इंजिनिअर म्हणून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या एका सहकाऱ्याला १९५७ साली डिव्हिजनल इंजिनिअर करण्यात आलं. नियमाप्रमाणे त्या पदासाठी जितकी वर्षं सेवा लागते तितकी त्या सहकाऱ्याची झालेली नव्हती. सरकारनं नियम शिथिल करून त्याला वर घेतलं. सदाशिवस्वामींचं म्हणणं सरळ होतं: नियम त्याच्यासाठी वाकवता, तर माझ्यासाठी का नाही? निदान माझा विचार तरी करायचा होता. त्यांनी दोन निवेदनं दिली. काही झालं नाही.

मग ते न्यायालयात गेले, पण १९७१ साली. मधे चौदा वर्षं गेली होती.

मद्रास उच्च न्यायालयात ज्या न्यायमूर्तींनी रिट ऐकली, त्यांना ती शिथिलता मनमानी वाटली होती. म्हणजे तक्रारीत दम नव्हता असं नाही. सर्वोच्च न्यायालयात मात्र दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे, ही सवलत फक्त सरकारनं परदेशी शिकायला पाठवलेल्यांनाच दिली होती असा खुलासा सरकारनं केला होता, आणि तो कुणी खोडून काढला नव्हता. दुसरी गोष्ट उशिराची, आणि निकाल लक्षात राहिला तो तिच्यामुळे. न्यायालय म्हणालं, कनिष्ठाला आपल्या डोक्यावरून बढती दिली गेली असेल, तर माणसानं सहा महिन्यांत, फार तर वर्षभरात न्यायालयात यायला हवं. रिट अर्जाला कायद्यानं ठरलेली मुदत नाही, हेही न्यायालयानं स्पष्ट केलं. उशिरा आलेल्याला कधीच दाद मिळणार नाही, असंही ते म्हणालं नाही. पण शिळे दावे घेऊन येणाऱ्यांसाठी आणि बसलेली घडी विस्कटू पाहणाऱ्यांसाठी न्यायालयानं आपला विशेष अधिकार वापरू नये, असं ते म्हणालं.

आता हे निष्ठुर वाटतं का? वाटतं. १९५७ साली नोकरीत असलेल्या इंजिनिअरनं स्वतःच्या सरकारवर खटला भरायचा म्हणजे काय, याची कल्पना करा. तेच सरकार तुमची बदली करणार, तेच गोपनीय अहवाल लिहिणार, आणि सगळी कागदपत्रं त्याच्याच कपाटात. माणूस दोन-चार वर्षं थांबतो तो आळसानं नव्हे, भीतीनं थांबतो. निकालात या भीतीचा उल्लेख असता तर मला बरं वाटलं असतं.

पण दुसरी बाजूही बघा. १९५७ साली वर गेलेला माणूस १९७१ पर्यंत आणखी एक-दोन पायऱ्या चढलेला असणार. त्याच्या जागी दुसरा आला, त्या दुसऱ्याच्या जागी तिसरा. काही निवृत्त होऊन पेन्शन घेत असतील. सेवाज्येष्ठतेची यादी भिंतीसारखी रचली जाते. चौदा वर्षांनी तळातली वीट काढायची म्हटलं, की वरच्या प्रत्येक विटेला नोटीस काढावी लागते. हे मी शब्दशः म्हणतो आहे. बढतीच्या खटल्यात फक्त सरकारला प्रतिवादी करून भागत नाही. ज्याची बढती तुमच्या जिंकण्यानं हलणार आहे, त्यालाही प्रतिवादी करावं लागतं. सदाशिवस्वामींच्या खटल्यातही तो सहकारी दुसऱ्या क्रमांकाचा प्रतिवादी होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कोर्टाची नोटीस पाठवायची, आणि सोमवारी त्याच्याच बरोबर चहा प्यायचा. माझ्याकडे येणारे बरेच जण इथेच कच खातात. मी त्यांना दोष देत नाही.

या भीतीवर आपल्या कार्यालयांनी एक सोयीचा उपाय शोधून ठेवला आहे: निवेदन. साहेब म्हणतात, ‘अहो, कोर्टात कशाला जाता, अर्ज द्या, बघू.’ माणूस अर्ज देतो. उत्तर येत नाही. स्मरणपत्र देतो. साहेब बदलतात, नवे साहेब म्हणतात, ‘माझ्या काळातलं प्रकरण नाही, नव्यानं अर्ज द्या.’ एका केंद्रीय खात्यातले गृहस्थ माझ्याकडे फाइल घेऊन आले होते. अकरा अर्ज, सगळे तारखेनं लावलेले, प्रत्येकावर आवक-शिक्का. त्यांना ती फाइल म्हणजे आपली चिकाटी वाटत होती. कायद्याच्या नजरेला तिच्यात पहिला अर्ज तेवढा दिसतो.

कारण १९८९ साली एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठानं सांगून टाकलं, की नियमांनी न सांगितलेली निवेदनं पुन्हा पुन्हा दिल्यानं मुदत वाढत नाही. तरी पळवाट उरलीच होती. लोक न्यायाधिकरणात जाऊन एवढंच मागायचे, की ‘माझ्या निवेदनावर निर्णय घ्या असा आदेश द्या’. निरुपद्रवी मागणी, म्हणून आदेश मिळायचा. मग खातं निवेदन फेटाळायचं आणि माणूस म्हणायचा, बघा, ताजा निर्णय आला, मुदत आता इथून मोजा. तमिळनाडूतल्याच सी. जेकब विरुद्ध भूविज्ञान व खाण संचालक या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं हा खेळ थांबवला. तिथे १९८२ साली सेवेतून कमी केलेल्या माणसानं २००० साली निवेदन दिलं होतं. मेलेला दावा निवेदनाला आलेल्या उत्तरानं जिवंत होत नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

मुदतीचा हिशेब आज असा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याला केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कॅटमध्ये जावं लागतं. त्याची पीठं चेन्नईतही आहेत, मुंबईतही. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्याला मॅट, म्हणजे मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद. दोन्हींना १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा लागू. आधी खात्याकडे दाद मागायची. अंतिम आदेश आला तर तिथून एक वर्ष. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट पाहायची, आणि ते संपल्यापासून एक वर्ष. थोडक्यात, साहेब गप्प राहिले तर पहिल्या निवेदनाच्या तारखेपासून दीड वर्ष. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफी मागता येते, पण तिच्या भरवशावर राहू नका. तमिळनाडूचंही राज्य न्यायाधिकरण होतं, ते बंद झालं, त्यामुळे इथले राज्य कर्मचारी थेट उच्च न्यायालयात रिट दाखल करतात. तिथे कलमात लिहिलेली मुदत नाही, पण सदाशिवस्वामींचा निकाल आहे.

आता मूळ प्रश्न: न्यायालयात जाऊन मागायचं काय? बहुतेकांचं उत्तर असतं, ‘माझी बढती’. ते देता येत नाही. का, ते कळायला दुसऱ्या खटल्याकडे जावं लागतं, आणि त्यासाठी चेन्नई सेंट्रलजवळच्या एका इमारतीत.

स्टेशनला लागूनच दक्षिण रेल्वेचं मुख्यालय आहे, जुनी भव्य दगडी इमारत. मूळची ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. आपल्या माणसांना तो ‘मराठा’ शब्द ऐकून जरा बरं वाटतं, म्हणून सांगितलं. १९५१ साली ती कंपनी, साउथ इंडियन रेल्वे आणि म्हैसूरची रेल्वे एकत्र करून दक्षिण रेल्वे झाली. तिथे रंगाचारी नावाचे तृतीय श्रेणीतले कोर्ट इन्स्पेक्टर होते. १९५९ साली रेल्वे बोर्डानं परिपत्रकं काढून तृतीय श्रेणीतल्या निवडीच्या पदांवर, म्हणजे जिथे बढती नुसत्या ज्येष्ठतेनं नव्हे तर निवड करून मिळते तिथे, अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवल्या. कोर्ट इन्स्पेक्टरांची पदं त्यात आली. रंगाचारी मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल २८ एप्रिल १९६१ ला लागला, तीन विरुद्ध दोन. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यात जन्मलेले, पुढे १९६४ साली सरन्यायाधीश झालेले.

हा निकाल आरक्षणाचा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळे त्यातला अर्धा भाग लोक वाचतच नाहीत. रेल्वेचा एक युक्तिवाद असा होता, की संविधानाचं सोळावं कलम फक्त नोकरीत शिरतानाच्या समान संधीचं आहे. एकदा आत आल्यावर बढती कुणाला द्यायची हा मालकाचा प्रश्न, त्यात मूलभूत हक्क नाही. हा युक्तिवाद चालला असता तर? तर आज बढतीच्या अन्यायाविरुद्ध सोळावं कलम पुढे करून एकही कर्मचारी उभा राहू शकला नसता. गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला. ‘नोकरीविषयक बाबी’ या शब्दांत पगार, वेतनवाढ, रजा, ग्रॅच्युइटी, पेन्शन, निवृत्तीचं वय आणि बढती, सगळं येतं, असं त्यांनी म्हटलं. इथपर्यंत रंगाचारींची बाजू भक्कम झाली.

पण लगेच पुढचं पाऊल. पहिलं उपकलम एवढं मोकळ्या मनानं वाचायचं, तर मागासवर्गीयांसाठी राखीव जागांची मुभा देणारं चौथं उपकलमही कोत्या मनानं वाचता येणार नाही. ‘पदं’ म्हणजे बढतीचीही पदं. प्रतिनिधित्व अपुरं आहे की नाही हे नुसत्या डोक्यांच्या संख्येवर ठरत नाही, ती डोकी कोणत्या पायरीवर आहेत हेही बघावं लागतं. पगार, पेन्शन, निवृत्तीचं वय यांत मात्र भेद करता येणार नाही, ही रेघही त्यांनी आखली. म्हणजे ज्या दारानं रंगाचारी आत आले, तेच दार त्यांच्या विरुद्ध बाजूला उघडलं. तर्क म्हणून मला हा निकाल आजही भक्कम वाटतो. न्यायमूर्ती वांच्छू आणि राजगोपाल अय्यंगार यांना तो पटला नव्हता. अय्यंगारांचं म्हणणं, प्रतिनिधित्व अपुरं आहे की नाही हे एकेका श्रेणीत नव्हे, संपूर्ण सेवेत बघायचं.

पुढची हकिकत मी भराभर सांगतो, कारण तिच्यावर वेगळा भाग करावा लागेल. १९९२ साली इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बढतीतल्या आरक्षणापुरता हा निकाल मोडीत काढला. १९९५ साली सत्त्याहत्तरावी घटनादुरुस्ती होऊन अनुसूचित जाती-जमातींसाठी ते परत आलं. २००६ साली एम. नागराज खटल्यात त्याला अटी लागल्या. २०२२ च्या जानेवारीत जर्नेल सिंग खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की अपुऱ्या प्रतिनिधित्वाची आकडेवारी संवर्गनिहाय गोळा करायची. म्हणजे श्रेणी की संपूर्ण सेवा, हा १९६१ चा वाद साठ वर्षांनी पुन्हा त्याच टेबलावर. महाराष्ट्रात २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये रद्द केला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयानं पदोन्नत्या सेवाज्येष्ठतेनं करायचं ठरलं. त्यावरून काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. या सगळ्या उलथापालथीत निकालाचा पहिला अर्धा भाग, बढती सोळाव्या कलमात येते हा, कुणी हलवला नाही.

त्याच भागात गजेंद्रगडकरांनी एक इशाराही दिला होता: समान संधी म्हणजे सरसकट समानता नव्हे. हमी संधीची आहे, त्याहून जास्त कशाची नाही. इथून पुढे न्यायालयांनी जे सूत्र पक्कं केलं ते असं, की बढती हा हक्क नाही. बढतीसाठी आपला विचार होणं हा हक्क आहे, आणि तो मूलभूत हक्क आहे. अजित सिंग खटल्यात १९९९ साली पाच न्यायमूर्तींनी ते स्वच्छ शब्दांत लिहिलं. विचार म्हणजे काय, तर नियमानं पात्र असताना तुमचं नाव विभागीय पदोन्नती समितीसमोर गेलं पाहिजे, खरे कागद गेले पाहिजेत, आणि इतरांना लावली तीच फूटपट्टी तुम्हाला लावली पाहिजे. हे सगळं करून समितीनं तुम्हाला नाही निवडलं, तर न्यायालय समितीच्या खुर्चीत बसत नाही. म्हणून अर्जात ‘मी हुशार आहे’ हे लिहून उपयोग नसतो. समितीनं काय बघितलं नाही, ते लिहावं लागतं.

फूटपट्टीच वाकडी असेल तर? तिसरा खटला तिथे उपयोगी पडतो. तो थोडक्यात सांगतो, कारण तो नेमका बढतीचा नाही. ई. पी. रॉयप्पा तमिळनाडूचे मुख्य सचिव होते. १९७१ साली त्यांना त्या पदावरून हलवून राज्य नियोजन आयोगाचं उपाध्यक्ष केलं, मग विशेष कार्य अधिकारी. ही पदं मुख्य सचिवाच्या तोलाची नाहीत आणि हे आकसानं केलं, असा त्यांचा आरोप थेट मुख्यमंत्र्यांवर होता. पाचही न्यायमूर्तींनी अर्ज फेटाळला. आकस सिद्ध करण्याचा भार फार जड असतो आणि संशय हा पुरावा नव्हे. पण न्यायमूर्ती भगवतींनी, ज्यांच्याशी यशवंतराव चंद्रचूड आणि कृष्ण अय्यर सहमत होते, तिथे लिहून ठेवलं की मनमानी आणि समानता यांचं कायमचं वैर आहे. कृती मनमानी असेल तर ती समानतेच्या विरुद्धच झाली. तोवर ‘माझ्यात आणि त्याच्यात भेदभाव केला’ हे दाखवावं लागे. आता ‘याला काही आधारच नाही’ एवढं दाखवूनही चालतं. माझा व्यवहारातला सल्ला यातूनच येतो: साहेबांचा आकस होता हे लिहायचा मोह टाळा. तो सिद्ध होत नाही आणि सगळा खटला त्यात वाहून जातो. कागदावरची मनमानी दाखवा.

कागद मिळवायचे कुठून? माहिती अधिकारात सेवाज्येष्ठतेची यादी मागा, समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मागा, आणि स्वतःचे गोपनीय अहवाल तर मागाच. २००८ चा देव दत्त खटला याच गोपनीय अहवालांचा. ते सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. बढतीला पाच वर्षं ‘अतिउत्तम’ शेरा हवा होता. एका वर्षी, १९९३-९४ ला, ‘चांगला’ लिहिला गेला. ‘चांगला’ हा काही वाईट शेरा नाही, म्हणून तो कळवण्याची गरज नाही, असं खात्याचं म्हणणं. पण त्याच ‘चांगला’नं बढती गेली, आणि तो लिहिलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे, भला असो वा बुरा. केंद्र सरकारनं २००९ पासून संपूर्ण अहवाल दाखवायला सुरुवात केली, हरकत घ्यायला पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत नुसती सही करून अहवाल परत देणारे कर्मचारी मी रोज बघतो.

जिंकल्यावर काय मिळतं तेही देव दत्तांच्याच निकालात दिसतं. न्यायालयानं त्यांना बढती दिली नाही. शेरा आता कळवा, त्यांचं निवेदन घ्या, शेरा सुधारला तर बढतीचा पूर्वलक्षी विचार करा, असं सांगितलं. महाराष्ट्रात ज्याला आपण मानीव दिनांक म्हणतो, त्याच जातीचा हा प्रकार. निकाल लागला तेव्हा ते निवृत्त झालेले होते. त्या खुर्चीत ते बसणार नव्हतेच. बढती ठरली तर पेन्शन नव्यानं काढायचं आणि थकबाकी आठ टक्के व्याजानं द्यायची, एवढंच उरलं होतं.

खात्याची चौकशी चालू आहे म्हणून निकाल सीलबंद लिफाफ्यात ठेवला, तर तो कधी उघडायचा, हे पुढच्या भागात.